नक्षी शाबूत, टायर बाद: १९७० च्या शेव्हेल एसएस ३९६ साठी टायर निवडताना

पार्श्वभूमी

गाडी १९७० ची शेव्हरले शेव्हेल एसएस ३९६. बॅजवर ३९६ असले तरी त्या वर्षी इंजिन प्रत्यक्षात ४०२ घनइंचांचे होते. शेव्हरलेने बोअर किंचित वाढवला, बॅज तसाच ठेवला. चार गिअरचा मॅन्युअल गिअरबॉक्स, ३.३१ गुणोत्तराचा पॉझिट्रॅक्शन (क्लचच्या मदतीने दोन्ही मागच्या चाकांना ओढ देणारा) अॅक्सल, पुढे डिस्क आणि मागे ड्रम ब्रेक. रिकाम्या गाडीचे वजन सुमारे १,७५० किलो, आणि बिग-ब्लॉक इंजिनमुळे त्यातला निम्म्याहून बराच जास्त भार पुढच्या चाकांवर.

मालक पुण्यात इंजिनिअरिंग करून मिशिगनमध्ये वाहनउद्योगात स्थिरावलेले. डेट्रॉइटच्या आसपास अशी मराठी घरे बरीच आहेत. त्यांनी २०२३ च्या वसंत ऋतूत ही गाडी ओहायोतून घेतली. वापर ठरलेला होता: मे ते ऑक्टोबर, शनिवार-रविवार, वर्षाला दीड-दोन हजार मैल. त्यातला निम्मा प्रवास हायवेवर आणि बहुतेक वेळा मागच्या सीटवर दोन मुले. रेसिंग नाही, ट्रॅक नाही. हिवाळ्यात गाडी गॅरेजमध्ये.

गाडीवर आधीच्या मालकाने बसवलेली पाच आऱ्यांची १५ × ७ इंची अॅल्युमिनियमची चाके होती, आणि चारही चाकांना २५५/६० आर १५ मापाचे (रुंदी २५५ मिलिमीटर, बाजूची उंची तिच्या ६० टक्के, रिम १५ इंची) पांढऱ्या अक्षरांचे रेडियल टायर. कारखान्यातून आलेली १४ × ७ ची एसएस चाके व्यवहारात सोबत मिळाली. त्यांवरचे टायर इतके जुने होते की तारखेचा कोड तीन आकडी होता, म्हणजे २००० सालाच्या आधीचे.

अडचण

तक्रारी तीन होत्या. ताशी ५५ ते ६० मैलांच्या दरम्यान सीट आणि स्टिअरिंग थरथरायचे. ट्रकांनी चर पाडलेल्या लेनमध्ये गाडी सरळ चालत नसे, सारखी धरून ठेवावी लागे. आणि पार्किंगमध्ये स्टिअरिंग पूर्ण वळवले की पुढचा टायर मडगार्डच्या आतल्या भागाला घासायचा. तिथला रंग उडून पत्रा चकाकत होता.

एका दुकानात दोनदा बॅलन्सिंग झाले. मशीनवर दोन्ही वेळा शून्य दिसले आणि थरथर जशीच्या तशी राहिली. बॅलन्सिंग मशीन चाकाच्या वजनाची वाटणी तपासते. टायर गोल आहे का, त्याची एक बाजू दुसरीपेक्षा कडक आहे का, हे साधे मशीन सांगत नाही. दोनदा शून्य येऊनही थरथर राहिली, तर तिसऱ्यांदा बॅलन्सिंगला पैसे घालू नयेत.

मालकांचा टायरवर संशय नव्हता, कारण नक्षी जवळपास नव्यासारखी होती. खोली मोजली तर सात मिलिमीटर. पुण्यात गॅरेज असलेल्या मोठ्या भावाने फोटो पाहून फोनवर तेच सांगितले, “अरे, नक्षी एवढी शाबूत असताना चार टायर फेकतोस कशाला? चालव की आणखी दोन वर्षं!” रोज पळणाऱ्या गाडीला हा हिशेब लागू पडतो. तिचा टायर गोटा होतो आणि मग बदलला जातो. वर्षाला दोन हजार मैल चालणाऱ्या गाडीचा टायर मात्र झिजण्याच्या कितीतरी आधी वयाने संपतो.

पहिला निर्णय: टायर बदलायचे की नाही

टायरचे वय बाजूवर छापलेल्या डीओटी (अमेरिकी परिवहन खात्याच्या) कोडच्या शेवटच्या चार आकड्यांत असते. पहिले दोन आकडे आठवडा, पुढचे दोन वर्ष. भारतात मिळणाऱ्या टायरवरही आठवडा-वर्षाचा असा शिक्का असतो. पूर्ण कोड टायरच्या एकाच बाजूला असला तरी चालतो. पांढरी अक्षरे बाहेर ठेवायची म्हणून टायर बसवले, तर तारीख बरेचदा आत, गाडीच्या पोटाकडे जाते. इथेही तसेच होते. गाडी जॅकवर घेऊन, स्टँड लावून, टॉर्च घेऊन खाली शिरल्यावर चारही टायरवर २३०९ सापडले: २००९ चा २३ वा आठवडा. म्हणजे वय चौदा वर्षे.

बऱ्याच वाहन कंपन्या सहा वर्षांनंतर टायर बदलायला सांगतात, आणि टायर कंपन्या नक्षी कितीही उरली तरी दहा वर्षांपुढे जाऊ देत नाहीत. त्यामागे रबराचे रसायन आहे. रबरात मिसळलेले मेण आणि ओझोनरोधक द्रव्य टायर फिरताना, दबताना पृष्ठभागावर येत राहते आणि ओझोनपासून रबर वाचवते. गाडी महिनोन्महिने एका जागी उभी असेल, तर हा थर नव्याने तयार होत नाही. बाजू तडकू लागते. त्याहून वाईट म्हणजे आत स्टीलचा बेल्ट आणि रबर यांची पकड सुटू लागते, आणि ते बाहेरून दिसत नाही.

इथे ते दिसले. मागचे उजवे चाक स्टँडवर हाताने सावकाश फिरवले आणि नक्षीच्या मधल्या खाचेसमोर स्क्रूड्रायव्हरचे टोक स्थिर धरले. फेरीच्या एका टप्प्यात खाच टोकापासून पाच-सहा मिलिमीटर बाजूला सरकायची आणि परत यायची. त्याच जागी तळहात फिरवला की नक्षीवर हलका उंचवटा लागायचा. हे बेल्ट सुटल्याचे लक्षण. असा टायर हायवेवर, भर उन्हात, मागच्या सीटवर मुले असताना फुटला, तर नुसता पंक्चर होत नाही. नक्षीची पट्टी सुटून चाबकासारखी क्वार्टर पॅनेलवर, म्हणजे मागच्या चाकावरच्या पत्र्यावर, आदळते.

निर्णय त्याच दिवशी झाला: चारही टायर बाद. उरलेले तीन “ठीक” दिसत होते, पण त्यांचा आठवडा तोच, कारखाना तोच आणि गॅरेजही तेच. एकाला झाले ते उरलेल्यांना होणारच नाही, असे मानायला काही आधार नव्हता.

दुसरा निर्णय: कोणत्या जातीचा टायर

चार वाटा होत्या.

पहिली, अस्सल दिसणारा बायस-प्लाय टायर. १९७० च्या एसएस ३९६ ला कारखान्यातून एफ७०-१४ या जुन्या पद्धतीच्या मापाचे टायर येत. त्या काळच्या फायरस्टोन वाइड ओव्हल आणि गुडइयर पॉलिग्लास टायरच्या हुबेहूब प्रती आज विकत मिळतात. कॉन्कूरमध्ये, म्हणजे अस्सलपणा तपासणाऱ्या स्पर्धेत, गाडी उभी करायची असेल, तर परीक्षक आधी चाकांकडेच पाहतात आणि दुसरा पर्याय उरत नाही. पण रेडियलमध्ये टायरच्या आतले दोरे कडेपासून कडेपर्यंत सरळ जातात, बायस-प्लायमध्ये ते तिरके एकमेकांवर जातात. त्यामुळे बाजू आणि नक्षी एकत्रच हलतात आणि रस्त्याला चर असेल तिकडे गाडी जाते. मालकांची दुसरी तक्रार नेमकी हीच होती. पैसे देऊन ती वाढवण्यात अर्थ नव्हता.

दुसरी, बायस-प्लायसारखे रूप असलेला रेडियल: रेडलाइन (लाल पट्टीची) किंवा जुन्या अक्षरांची बाजू, आत आधुनिक बांधणी. ही चांगली तडजोड आहे, पण साध्या रेडियलपेक्षा बरीच महाग. अॅल्युमिनियमच्या चाकांवर जुन्या काळची बाजू शोभतही नाही.

तिसरी, पांढऱ्या उठावदार अक्षरांचा साधा रेडियल. बीएफ गुडरिच रेडियल टी/ए आणि कूपर कोब्रा रेडियल जी/टी हे या वर्गातले ओळखीचे. गतीची श्रेणी अनुक्रमे एस आणि टी, म्हणजे ताशी १८० आणि १९० किलोमीटर. झिजेचे मानांकन चारशे किंवा थोडे वर. हे टायर फिरण्यासाठी आणि दिसण्यासाठी केलेले आहेत. मिश्रण कडक, टिकाऊ. कोपऱ्यात गाडी झोकून देणाऱ्याने यांच्याकडून फार अपेक्षा ठेवू नये.

चौथी, १७ किंवा १८ इंची चाके आणि कमी उंचीचे आधुनिक परफॉर्मन्स टायर. पकड, ओल्या रस्त्यावरचे ब्रेकिंग, निवडीला वाव, सगळ्यात ही वाट पुढे. गाडी ट्रॅकवर किंवा ऑटोक्रॉसला (शंकूंमधून वळत धावण्याच्या वेळेच्या स्पर्धेला) जाणार असती, तर दुसऱ्या कशाचा विचार करण्याचे कारण नव्हते. पण चार नवी चाके घ्यावी लागणार, खड्ड्यात धक्का थेट पाठीत बसणार आणि गाडीचे रूप पार बदलणार. मालकांना १९७० ची गाडी हवी होती. त्यांनी ही वाट पहिल्याच बैठकीत बंद केली.

तिसरी वाट निवडली. या टप्प्यावर एक मोह असतो: पुढे नवे रेडियल घालू, मागे जुन्या एसएस चाकांवर बायसच्या प्रती चढवू, फोटोत छान दिसेल. बायस आणि रेडियल एका अॅक्सलवर कधीही मिसळू नयेत, आणि पुढे रेडियल, मागे बायस ही जोडी तर सर्वांत धोकादायक. पुढची पकड जास्त, मागची कमी. ओल्या वळणावर मागचा भाग निसटतो.

तिसरा निर्णय: माप

सगळ्यात जास्त वेळ इथे गेला, आणि तो जायलाच हवा होता. मालकांना मागे २७५/६० आर १५ हवे होते. मसल कारचे मागचे टायर जाडजूड दिसले पाहिजेत हा त्यांचा आग्रह समजण्यासारखा आहे. पण चाकाच्या कोनाड्यात जागा किती, हे फोटो सांगत नाही.

मोजमाप असे केले. गाडी सपाट जमिनीवर. मागचा अॅक्सल स्टँडवर, म्हणजे सस्पेन्शन भाराखाली आणि नेहमीच्या उंचीवर. फ्रेमला स्टँड लावला तर अॅक्सल खाली लोंबतो आणि सगळी मापे खोटी येतात. चाक काढले. ब्रेक ड्रमच्या तोंडावर, म्हणजे चाक जिथे टेकते त्या पृष्ठभागावर, सरळ पट्टी धरली. तिथून बाहेर क्वार्टर पॅनेलच्या वळवलेल्या कडेपर्यंतचे आणि आत फ्रेमपर्यंतचे अंतर घेतले. आत जागा भरपूर होती. बाहेर डावीकडे १४९ मिलिमीटर निघाले, उजवीकडे १४०. एकाच गाडीच्या दोन बाजूंत नऊ मिलिमीटरचा फरक. त्या काळच्या अमेरिकन गाड्यांत हे नवल नाही, म्हणूनच एका बाजूचे माप घेऊन टायर मागवू नये.

मग चाक. जमिनीवर पालथे ठेवून, मागच्या कडेवर पट्टी आडवी ठेवून, चाक ड्रमला टेकते त्या पृष्ठभागापर्यंतचे अंतर म्हणजे बॅकस्पेसिंग मोजले: चार इंच. सात इंची रिमची कडेपासून कडेपर्यंतची रुंदी सुमारे आठ इंच असते. म्हणजे चार इंच बॅकस्पेसिंगचा अर्थ ऑफसेट शून्य, टायर ड्रमच्या तोंडाच्या दोन्ही बाजूंना निम्मानिम्मा. आठ इंची रिमला हेच साडेचार इंचांवर येते.

आता टायरची रुंदी. बाजूवर लिहिलेला आकडा ठरावीक रुंदीच्या रिमवरचा असतो. रिम अर्ध्या इंचाने बदलली की टायरची रुंदी साधारण पाच मिलिमीटरने बदलते. २३५ आणि २४५ चे मापन सात इंची रिमवर होते, २५५ चे साडेसातवर, २७५ चे आठवर. त्यावरून उजव्या, म्हणजे अरुंद बाजूचा हिशेब:

- २३५/६० आर १५, सात इंची रिमवर: बाहेर ११७.५ मिमी, उरलेली फट २२.५
- २४५/६० आर १५, सात इंची रिमवर: बाहेर १२२.५, फट १७.५
- २५५/६० आर १५, सात इंची रिमवर: बाहेर १२५, फट १५
- २५५/६० आर १५, आठ इंची रिमवर: बाहेर १३०, फट १०
- २७५/६० आर १५, आठ इंची रिमवर: बाहेर १३७.५, फट अडीच

मागे बाहेरच्या कडेला किमान अर्धा इंच, म्हणजे बारा-तेरा मिलिमीटर फट हवी. वळणात बाजू फुगते, अॅक्सल थोडा सरकतो, मागे माणसे बसली की गाडी खाली येते. अडीच मिलिमीटर पाहिल्यावर २७५ चा विषय आपोआप संपला.

रुंदीइतकीच उंचीही मोजावी लागते. मूळ एफ७०-१४ चा व्यास सुमारे २६.४ इंच. २७५/६० आर १५ चा २८. तो बसला असता तरी स्पीडोमीटर ६० दाखवताना गाडी जवळजवळ ६४ मैलांनी धावली असती, आणि ३.३१ चा अॅक्सल ३.१२ चा असल्यासारखा वागला असता. सिग्नलवरून निघतानाची ओढ कमी. ज्या गाडीची ओळखच ती ओढ आहे, तिच्यात जाड टायरसाठी हे द्यायचे का, हा प्रश्न विचारायला हवा. गाडीवरचे २५५ चे टायरही २७ इंचांचे होते, आणि ते पुढे बसवल्यामुळेच पूर्ण वळणावर घासत होते. शिवाय २५५ साठी सात इंची रिम ही चालण्याजोगी सर्वांत अरुंद रिम. टायर बसतो, पण दोन्ही कडा आत ओढल्या जाऊन नक्षी मधोमध फुगीर राहते आणि बाजू लुसलुशीत वागते. स्टिअरिंगच्या भरकटण्यात याचाही वाटा होता.

तांत्रिकदृष्ट्या सर्वांत स्वच्छ उत्तर होते चारही चाकांना २३५/६० आर १५. व्यास २६.१, पुढे-मागे फिरवता येतात, टायर कुठेही मिळतो. सल्ला देणारे म्हणून आमचे मतही तेच होते. मालकांना गाडी मागून थोडी उचललेली आणि भरलेली हवी होती. मधला मार्ग निघाला: पुढे २३५/६० आर १५, मागे २४५/६० आर १५. मागचा व्यास २६.६, मूळ मापाच्या एका टक्क्याच्या आत. स्पीडोमीटरला हात लावावा लागत नाही. रिम तीच. भार निर्देशांक पुढे ९८, म्हणजे टायरमागे ७५० किलो. मागे १००, म्हणजे ८००. चार माणसांसह पुढच्या एका चाकावर साडेपाचशे-सहाशे किलोच्या आसपास येतात, तेव्हा तिथे काळजी नव्हती. तोटा एकच: टायर पुढून मागे फिरवता येणार नाहीत, फक्त डावी-उजवी अदलाबदल. वर्षाला दोन हजार मैलांवर हा तोटा कागदावरच राहतो.

चौथा निर्णय: आलेले टायर घ्यायचे का

ऑगस्टच्या सुरुवातीला टायर आले. पुढच्या जोडीवर १८२३, म्हणजे तीन महिन्यांचे. मागच्या जोडीवर ०१२२. एकोणीस महिने गोदामात. २४५/६० आर १५ हे कमी खपाचे माप. असे टायर रॅकवर बसून राहतात.

अंधाऱ्या, थंड गोदामातला दीड वर्षाचा टायर धोकादायक नसतो. दुसऱ्या बाजूला, ही गाडी टायर झिजवणार नव्हतीच. दहा वर्षांच्या आयुष्यातले दीड वर्ष विकत घेण्याआधीच गेलेले. त्यातच ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी वुडवर्ड ड्रीम क्रूझ. १९९५ पासून फर्नडेल ते पॉन्टिअॅक या पट्ट्यात भरणारी ही जत्रा, आणि गाडी घेतल्यापासून मालकांनी तिचीच वाट पाहिलेली. टायर परत केले तर नवी जोडी तोवर येणार नव्हती.

त्यांनी परत केले, आणि क्रूझला ही गाडी न नेता गेले. मधल्या काळात “तिथे तर वीस मैलांनीच रांगायचंय, जुन्या टायरवर नेऊ का?” असा विचार झाला होता. वुडवर्डवर वीस, पण तिथपर्यंत जाण्याचा हायवे पासष्टचा. आणि बेल्ट सुटलेला टायर वेग पाहून फुटत नाही. ऑगस्टचा तापलेला डांबरी रस्ता त्याला पुरतो. ही सूचना नाकारली गेली ते योग्यच झाले. टायर परत करण्याबद्दल मात्र दुमत होऊ शकते. किंमत कमी करून घेऊन ती जोडी ठेवली असती, तरी कोणी चूक म्हटले नसते. मागवतानाच “एका वर्षाच्या आतला कोड हवा” असे लिहून घेतले असते, तर हा पेचच आला नसता.

वाट पाहताना सापडलेली गोष्ट

चाके काढलेली होतीच, म्हणून मागचे सस्पेन्शन तपासले. या गाडीत मागचा अॅक्सल चार आर्मवर असतो. वरचे दोन तिरके आर्म त्याला डावी-उजवीकडे धरून ठेवतात. त्यांचे अॅक्सलकडचे रबरी बुश फाटलेले निघाले. बदलले, गाडी पुन्हा जमिनीवर टेकवून हलवली आणि मापे परत घेतली: डावीकडे १४६, उजवीकडे १४३. नऊ मिलिमीटरचा फरक तीनवर आला.

या मापांवर आठ इंची रिमवरच्या २५५ ला उजवीकडे तेरा मिलिमीटर फट मिळाली असती. म्हणजे जो पर्याय फट कमी म्हणून बाजूला ठेवला होता, तो प्रत्यक्षात जेमतेम बसत होता. त्यासाठी दोन नवी रिम लागली असती, हे खरे. पण माप घेण्याआधी बुश बदलले असते, तर मालकांसमोर ही निवड मोकळेपणाने आली असती. अशा गाडीत क्रम असा असावा: आधी बुश, स्प्रिंग आणि गाडीची उंची, मग माप, मग टायर. स्प्रिंग बदलायच्या विचारात असाल, तर टायर अजिबात मागवू नका.

बसवणी

जुने टायर उतरवल्यावर चारही रिम डायल गेजखाली फिरवून पाहिल्या. अॅल्युमिनियमच्या रिमला ०.०३० इंचापर्यंतची वाकडेपणाची मर्यादा धरली होती. तीन आत बसल्या, एक ०.०४५ निघाली. ती मागे वापरायचे ठरले आणि तिच्यावर टायर जुळवून बसवला: टायरवरचा लाल ठिपका, म्हणजे सर्वांत कडक जागा, रिमची कड केंद्राच्या सर्वांत जवळ येते त्या बिंदूवर. पिवळा ठिपका असेल तर तो हलक्या बाजूचा. तो व्हॉल्व्हसमोर येतो. दोन्ही असतील तर लाल ठिपक्याचे ऐकायचे. रबरी व्हॉल्व्ह चारही नवे.

बॅलन्सिंगमध्ये एक गोष्ट पहिल्या दुकानाने सोडली होती. ही चाके हबच्या मधल्या भोकावर बसत नाहीत, नटांवर मध्याला येतात. मधल्या भोकात शंकू घालून मशीनवर चढवली, तर चाक मशीनवर एका केंद्राभोवती फिरते आणि गाडीवर दुसऱ्या. पाच बोटांचा अॅडॉप्टर लावून, नटांच्या भोकांवर धरून बॅलन्स केल्यावर मागच्या डाव्या चाकाला लागणारे वजन आधीच्या जवळपास निम्म्यावर आले. वजने चिकटवणारी, रिमच्या आतून.

पांढऱ्या अक्षरांवर निळा संरक्षक रंग असतो. तो कोमट पाणी, साबण आणि मऊ ब्रशने पहिल्याच दिवशी काढावा. उन्हात गाडी फिरवून नंतर काढू म्हटले, तर अक्षरांच्या कडांना निळसर छटा कायमची बसते. पेट्रोलियमवर आधारित टायर पॉलिश लावू नये. अक्षरे पिवळी पडतात आणि रबरातले ओझोनरोधक द्रव्य बाहेर ओढले जाते.

नट ७/१६ इंची स्टडवर ७० फूट-पौंडांना, ताऱ्याच्या क्रमाने, टॉर्क रेंचने. अॅल्युमिनियम दबून बसते, म्हणून पन्नास मैलांनंतर पुन्हा तपासले. दोन नट थोडे फिरले.

हवा: कारखान्याचा आकडा विशीतला, तो बायस-प्लायसाठी होता. रेडियलला तो कमी पडतो आणि कडा झिजतात. टायर थंड असताना पुढे ३२, मागे ३० पीएसआय ठेवले. नक्षीवर खडूची आडवी रेघ मारून शंभर-दोनशे फूट सरळ गाडी चालवली. रेघ सगळीकडे सारखी पुसली गेली.

अलाइनमेंट

नवे टायर, जुनी अलाइनमेंट हा अर्धवट कारभार असतो. कारखान्याची मापे बायस-प्लायसाठी होती: कॅस्टर (बाजूने पाहता स्टिअरिंगच्या अक्षाचा पुढे-मागे कल) शून्याच्या आसपास, कॅम्बर (समोरून पाहता चाकाचा आत-बाहेर कल) किंचित धन. रेडियलला कॅस्टर धन हवा, म्हणजे स्टिअरिंग आपणहून सरळ येते, आणि कॅम्बर शून्य किंवा किंचित ऋण. या गाडीत आधीचा कॅस्टर डावीकडे उणे ०.४ अंश होता, उजवीकडे अधिक ०.१. चरांत भरकटण्याचे मुख्य कारण हेच निघाले.

वरच्या आर्मच्या शाफ्टमागे दोन बोल्टवर शिम, म्हणजे पातळ पत्र्याच्या चकत्या, असतात. पुढच्या बोल्टचे शिम काढून मागच्यावर टाकले की कॅस्टर धन होतो. दोन्हीकडे सारखे वाढवले की कॅम्बर ऋणाकडे जातो. अंतिम मापे: कॅस्टर डावीकडे अधिक २.०, उजवीकडे २.४, कॅम्बर दोन्हीकडे उणे ०.३, टो-इन (चाकांची पुढची टोके आत वळण्याचे माप) एकूण १/१६ इंच. उजवीकडे कॅस्टर मुद्दाम जास्त, कारण अमेरिकेतल्या रस्त्याचा उतार उजव्या कडेकडे असतो आणि गाडी तिकडे ओढली जाते. मूळ आर्मवर यापुढे कॅस्टर मागितला, तर मागच्या बोल्टवर शिमची चळत इतकी जाड होते की नटाला पुरेसे आटे मिळत नाहीत.

निष्पत्ती

साठ मैलांची थरथर गेली, गाडी चरांत सरळ राहू लागली, मडगार्डला घासणे थांबले. सत्तरच्या आसपास एक बारीक गुणगुण उरली. ती वेगाबरोबर बदलते, ब्रेक किंवा वळणाने नाही, म्हणून तिचे मूळ टायरऐवजी प्रोपेलर शाफ्टच्या युनिव्हर्सल जॉइंटमध्ये शोधायचे ठरले. टायर बदलल्यावर सगळ्या थरथरीचे खापर टायरवर फोडण्याची सवय इथे महागात पडली असती.

मालकांची एक नाराजी टिकून आहे: मागून गाडी त्यांना अजून थोडी बारीक वाटते. ही रास्त नाराजी आहे आणि तिला पंधरा बाय आठच्या दोन रिमांचे उत्तर उपलब्ध आहे.

हिवाळ्यात गाडी उभी करताना हवा टायरच्या बाजूवर लिहिलेल्या कमाल आकड्यापर्यंत भरतात, टायरखाली त्याच्या गोलाईत वाकवलेले पाळणे ठेवतात आणि वेल्डिंग मशीन त्याच गॅरेजमध्ये चालवत नाहीत, कारण त्याच्या ठिणगीतून ओझोन तयार होतो.

राहिला प्रश्न स्पेअरचा. डिकीत तीन आकडी कोडचा टायर पडून होता. एका मूळ १४ × ७ एसएस चाकावर २२५/७० आर १४ चढवला. व्यास २६.४ इंच, म्हणजे मागच्या २६.६ च्या जवळ, त्यामुळे पॉझिट्रॅक्शनच्या क्लचवर सततचा फरक पडत नाही. पण अॅल्युमिनियमच्या चाकांचे नट सरळ शँकचे आणि वॉशरवाले आहेत. स्टीलच्या एसएस चाकाला ६० अंशांचे शंकूचे नट लागतात. एकाचे नट दुसऱ्याला घट्ट झाल्यासारखे वाटतात आणि काही मैलांत सैल होतात. म्हणून ७/१६-२० आट्यांचे पाच शंकूचे नट कापडी पिशवीत घालून जॅकच्या दांड्याला बांधून ठेवले आहेत.